खोलीला गडी ओळखता येतो का?

‘कॉम्प्युटर गेम’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉस्टेलची खोली, रात्रीचे दोन वाजलेले, एक जण कीबोर्डवर आणि चार-पाच जण त्याच्या पाठीमागे उभे राहून "अरे डावीकडे, डावीकडे!" म्हणून ओरडणारे. या चित्रातले मला ते मागचे चार-पाच जणच जास्त महत्त्वाचे वाटतात. खेळ त्यांचाही चालू असतो. फक्त मशीनला ते दिसत नाहीत. मशीनच्या लेखी खोलीत एकच प्राणी आहे आणि त्याला दहा बोटं आहेत!

आता उलटं चित्र पाहा. कीबोर्ड नाही, माऊस नाही. खोलीच यंत्र आहे. जमिनीखाली दाब ओळखणारे स्विच, छताला कॅमेरा, भिंतीवर प्रोजेक्टर, कोपऱ्यात माईक. मुलं धावतात, उड्या मारतात, ओरडतात आणि खोली त्याला उत्तर देते. याला मी या लेखापुरतं ‘प्रतिसादी परिसर’ असं नाव देतो. (मराठी भाषा मंडळाने सांभाळून घ्यावे.) आमच्या चौघांच्या ग्रुपचा अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट याच विषयावर असल्यामुळे गेले वर्षभर मी यावर बरंच वाचलं आणि थोडंफार सोल्डरिंगही केलं. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आपल्या सिलॅबसमध्ये सेन्सर येतो तो नेहमी एका राशीसाठी. तापमान मोजा, दाब मोजा, अंतर मोजा. व्हायवातही "ट्रान्सड्यूसर म्हणजे काय?" इथपर्यंतच गाडी जाते. पण सेन्सरवर एकाच वेळी पाच मुलं येऊन पडली तर काय होतं, हा प्रश्न कुठल्याच युनिटमध्ये नाही. खरी गंमत तिथेच आहे आणि खरी अडचणही तिथेच.

एक अंधारी खोली, १९६९

या विषयाचा इतिहास आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन क्रूगर नावाचा कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी होता. १९६९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मॅडिसन इथे ‘ग्लोफ्लो’ नावाची एक खोली तयार केली. खोली अंधारी. भिंतींच्या कडेने पारदर्शक नळ्या, त्यांतून चकाकणाऱ्या रंगीत कणांचं पाणी वाहतंय. जमिनीत दाब ओळखणारे पॅड, त्यांना जोडलेला एक मिनीकॉम्प्युटर आणि आवाजासाठी मूग सिंथेसायझर. कुणी पॅडवर पाय ठेवला की कुठेतरी प्रकाश किंवा आवाज बदलणार.

यात एक बारकावा आहे. खोलीतलं वातावरण शांत राहावं म्हणून प्रतिसाद मुद्दाम लगेच न देता थोडा उशिरा दिला जायचा. पाय पडला आणि लगेच दिवा लागला, तर लोक खोलीचा अनुभव घ्यायचं सोडून नुसते पाय आपटत बसतील, अशी भीती! परिणाम असा झाला की आपल्यामुळे काही होतंय हेच बऱ्याच जणांना कळेना.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ग्लोफ्लोचं महत्त्व निराळं आहे. क्रूगरने नंतर लिहून ठेवलं की त्या अंधारात एकमेकांना मुळीच न ओळखणाऱ्या लोकांचे गट बनायचे. टाळ्या सुरू व्हायच्या, एका सुरात काहीतरी म्हणणं सुरू व्हायचं, खेळ आपोआप सुचायचे. कधी खोली एकदम चिडीचूप, तर कधी नुसता गोंगाट. काही जण स्वतःहून वाटाड्याची भूमिका घ्यायचे आणि नवीन आलेल्यांना "हे असं असं आहे, कॉम्प्युटर असं करतोय" म्हणून समजावून सांगायचे. यातलं काहीच प्रोग्राममध्ये लिहिलेलं नव्हतं. प्रोग्रामला तर माणसं किती आहेत हेसुद्धा कळत नव्हतं, त्याला फक्त पॅड दाबला गेला की नाही एवढंच ठाऊक! म्हणजे यंत्र जेवढं करतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ती माणसं एकमेकांशी करतात. यंत्र फक्त निमित्त पुरवतं. हे वाक्य सोपं वाटतं खरं, पण आमच्या प्रोजेक्टमध्ये ते पटायला आम्हाला अख्खं एक सेमिस्टर लागलं.

पुढच्याच वर्षी, १९७० साली, क्रूगरने ‘मेटाप्ले’ केलं. इथे गॅलरीत मोठा पडदा, जमिनीत ८०० दाबाचे स्विच आणि सुमारे एक मैलावरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसलेला एक माणूस. गॅलरीतल्या प्रेक्षकांचं चित्र कॅमेऱ्यातून त्याच्याकडे जायचं. तो टॅब्लेटवर जे रेखाटायचा ते त्या चित्रावर चढून पडद्यावर दिसायचं. एकदा एका मुलाच्या हाताभोवती रेघ काढायचा प्रयत्न चालला होता. मुलाने हात हलवला, रेघ हाताच्या मागे गेली. पुन्हा हलवला, पुन्हा मागे. त्यातून असा खेळ निघाला की आपण बोटाने हवेत चित्र काढतोय असं त्या मुलाला वाटावं. आणि मग पुढची पायरी म्हणजे ही चित्र काढायची ‘शक्ती’ एकाच्या बोटाने दुसऱ्याच्या बोटाला स्पर्श केला की दुसऱ्याकडे जायची.

मला विचाराल तर गटाच्या खेळासाठी आजवर शोधलेल्या नियमांत हा फार वरच्या दर्जाचा नियम आहे. कारण एका वेळी एकच जण चित्र काढणार, म्हणजे गोंधळ नाही. पाळी कुणाला द्यायची हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि द्यायची तर दुसऱ्याजवळ जाऊन त्याला हात लावावाच लागतो. खो-खोत खो द्यायला पाठीवर थाप मारावीच लागते, तसंच हे. सगळं तंत्रज्ञान एवढंच, की पलीकडे एक माणूस बसून रेघा ओढतोय!

एकट्याला भूत दिसत नाही

थोडं इलेक्ट्रॉनिक्सकडे वळू. ज्यांना वायरिंगचा कंटाळा आहे त्यांनी हा भाग गाळून पुढे गेलं तरी चालेल. पण माझ्या मते सगळ्यात मजेशीर भाग हाच आहे.

समजा जमिनीत १६ × १६ असे २५६ स्विच बसवायचे आहेत. प्रत्येकाला वेगळी वायर ओढली तर २५६ वायरी झाल्या. म्हणून आपण मॅट्रिक्स करतो. १६ आडव्या वायरी, १६ उभ्या, आणि प्रत्येक छेदावर एक स्विच. काम ३२ वायरींत होतं. एकेक आडव्या ओळीला व्होल्टेज द्यायचं आणि कुठल्या उभ्या वायरवर ते येतंय ते वाचायचं. कीबोर्डही याच पद्धतीने चालतो.

आता पहिल्या ओळीतला पहिला आणि दुसरा स्विच दाबला गेलाय, आणि दुसऱ्या ओळीतला फक्त पहिला. मायक्रोकंट्रोलर दुसऱ्या ओळीला व्होल्टेज देतो. ते दुसऱ्या ओळीच्या पहिल्या स्विचमधून पहिल्या उभ्या वायरवर जातं, तिथून पहिल्या ओळीच्या पहिल्या स्विचमधून पहिल्या ओळीवर, आणि तिथून तिच्याच दुसऱ्या स्विचमधून दुसऱ्या उभ्या वायरवर! मायक्रोकंट्रोलर म्हणतो, दुसऱ्या ओळीचा दुसरा स्विच दाबलाय. तिथे तर कुणीच उभं नाही. याला घोस्टिंग म्हणतात, म्हणजे चक्क भूत.

गंमत अशी की हे भूत उठायला चौकोनाचे तीन कोपरे दाबलेले असावे लागतात. एका मुलाला पाय दोन. तो एकटा खेळत असेल तर (पाय दोन फरश्यांच्या सांध्यावर पडला नाही तर) तीन कोपरे कधी होतच नाहीत. दुसरा गडी आत आला, चार पाय झाले, की भूत हजर! गोष्टीत माणूस एकटा असला की भूत दिसतं, इथे बरोबर उलटं आहे. लॅबमध्ये एकट्याने टेस्ट केलेली फरशी शाळेत नेल्यावर वेड्यासारखी का वागू शकते, याचं हे एक साधं कारण. उपायही साधा आहे. प्रत्येक स्विचला सिरीजमध्ये एक डायोड, म्हणजे करंट उलटा फिरून येत नाही.

दुसरा हिशोब वेळेचा. माणसाला ‘हे माझ्यामुळे झालं’ असं वाटायचं असेल तर प्रतिसाद साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत यावा, असा संगणक क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. एकट्यासाठी तो थोडा ढिला सोडला तरी चालून जातं. पण चार मुलं आहेत आणि प्रत्येक जण सेकंदाला दोनदा पाय आपटतोय असं धरा. सेकंदाला आठ पाय, म्हणजे सरासरी दर १२५ मिलिसेकंदांना एक. आता खोलीचा प्रतिसाद यायला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर माझ्या पायाचा आवाज स्पीकरमधून येईपर्यंत दुसऱ्या कुणाचा पाय पडलेला असतो. मग तो आवाज कुणाचा? चौघेही म्हणतात "माझा!" किंवा त्याहून वाईट, चौघांनाही वाटतं की खोली आपली आपणच वाजतेय आणि मग सगळे कंटाळून बाहेर जातात.

यावर वेगवान प्रोसेसर हा एकच उपाय नाही. दिवा जर पायाखालीच लागला, तर थोडा उशीर झाला तरी तो कुणाचा हे प्रत्येकाला कळतं. आवाज मात्र एकाच स्पीकरमधून आला तर तो सगळ्यांचा, म्हणजेच कुणाचाच नाही. म्हणून आमचं साधं सूत्र असं ठरलं की व्यक्तीला द्यायचं उत्तर प्रकाशाने, पायाशी. सगळ्या गटाला द्यायचं उत्तर आवाजाने, वरून.

चार मुलं आणि एक पलंग

प्रतिसादी परिसरांमध्ये गटासाठी म्हणून विचारपूर्वक बांधलेलं जे काम आहे त्यात एमआयटीच्या मीडिया लॅबचं ‘किड्सरूम’ पहिल्या रांगेत येतं. १९९६-९७ च्या सुमारास आरन बॉबिक, स्टीफन इंटिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. २४ फूट बाय १८ फुटांची खोली मुलाच्या बेडरूमसारखी सजवलेली. दोन भिंतींवर प्रोजेक्टरची चित्रं, वर कॅमेरे, मागे सहा कॉम्प्युटर. एका वेळी चारपर्यंत मुलं आत जाणार आणि दहा-बारा मिनिटांच्या गोष्टीतून प्रवास करून बाहेर येणार. मुलांच्या डोक्यावर हेल्मेट नाही की अंगावर वायर नाही.

गोष्टीचे चार टप्पे. बेडरूम, जंगल, नदी आणि राक्षसांचं जग. मी हे वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मला निव्वळ गोष्ट वाटलं. नंतर कळलं की प्रत्येक टप्प्यात ‘गट’ या शब्दाचा अर्थ वेगळा धरलाय. बेडरूममध्ये मुलांनी जादूचा शब्द ओरडायचा. खोलीला शब्द कळत नाही, फक्त आवाज पुरेसा मोठा आहे का एवढंच ती बघते. म्हणजे चौघे मिळून एक आवाज. जंगलात सगळ्यांनी एकत्र राहून वाटेने चालायचं. वरचा कॅमेरा बघतो की घोळका फुटला तर नाही ना. नदीत खोलीतला खराखुरा पलंग होडी होतो, सगळे त्यावर चढून हातांनी वल्हवतात, आणि कुणी खाली उतरला तर पाण्यात पडल्याचा आवाज येऊन त्याला परत बोलावलं जातं. आणि शेवटी राक्षसांच्या जगात प्रत्येकाने आपापल्या रंगाच्या सतरंजीवर उभं राहून नाचायचं. इथे गट सुटतो आणि प्रत्येक जण वेगळा मोजला जातो.

पलंगाची युक्ती मला फार आवडते. कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी पंचाईत अशी की दोन मुलं एकमेकांना बिलगली की वरून दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. ती वेगळी झाली की यातला आधीचा ‘क्रमांक दोन’ कोण आणि ‘क्रमांक तीन’ कोण हे शोधावं लागतं. कपड्यांचा रंग, आधीचा वेग, आधीची जागा असल्या खुणांवरून अंदाज बांधायचा. किड्सरूमवाल्यांनी हे केलंच, पण त्यांनी गोष्टच अशी रचली की जिथे मुलं बिलगणार तिथे वेगळं ओळखायची गरजच पडू नये. होडीत कोण कोण आहे याने काय फरक पडतो? होडी चालली पाहिजे! आणि जिथे वेगळं ओळखायचं आहे तिथे मुलांना सतरंज्यांवर लांब लांब उभं केलं. ज्या प्रश्नावर आपण शंभर ओळींचा कोड लिहायला बसतो, तो त्यांनी चार सतरंज्या टाकून सोडवला.

नंतर यंत्रं खूप पुढे गेली. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट नोव्हेंबर २०१० मध्ये आला. त्याला सहा माणसं दिसायची, पण पूर्ण सांगाडा, म्हणजे सांधे वगैरे, तो फक्त दोघांचाच काढायचा. तिसरा गडी आला तर तो नुसती सावली. पुढच्या आवृत्तीत सहाही जणांचे सांगाडे मिळू लागले, आणि २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबलं. त्याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘ओपनपोझ’ने साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून अनेक माणसांचे सांधे एकदम शोधून दाखवले. त्याची पद्धत गटासाठी सोयीची. आधी माणूस शोधून मग त्याचे हातपाय शोधायचे असं न करता चित्रातले सगळे कोपर, सगळे गुडघे आधी गोळा करायचे आणि मग कुठला कोपर कुठल्या खांद्याचा ते जुळवायचं. माणसं वाढली तरी काम त्या प्रमाणात वाढत नाही. असो. यावर वेगळा लेख होईल.

तोंडं कुणीकडे?

आता थोडं मानसशास्त्र. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधक बाईंनी मिनेसोटा विद्यापीठाच्या शिशुशाळेतल्या मुलांचं निरीक्षण करून १९३२ साली खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार सांगितले. त्यातले तीन आपल्या कामाचे. पहिला, नुसतं बघणं. दुसरा, समांतर खेळ, म्हणजे शेजारी शेजारी बसून त्याच खेळण्यांशी पण आपापलं खेळणं. तिसरा, सहकारी खेळ, म्हणजे मिळून एक काम, त्यात प्रत्येकाची भूमिका वेगळी.

‘चार जणांसाठी’ असं ज्यांच्यावर लिहिलेलं असतं त्यातले बरेचसे सेन्सर-खेळ खरं तर समांतर असतात. मॉलमधली प्रोजेक्टरची जमीन आठवा. मासे पळतात, पोरं त्यांवर उड्या मारतात. दहा पोरं आहेत म्हणून दहांचा खेळ आहे असं नाही, दहा जणांचे दहा खेळ एका जागी चाललेत. ओळखायची एक सोपी कसोटी मी वापरतो. एक गडी मनातल्या मनात बाहेर काढा. उरलेल्यांच्या खेळात काही फरक पडला का? माशांच्या खेळात शून्य फरक. लगोरीत एक गडी गेला की चेंडू कुणी अडवायचा इथपासून सगळं बदलतं.

याचं एक कारण पडदा आहे असं माझं मत आहे. भिंतीवर पडदा आला की सगळे सिनेमाला बसल्यासारखे खांद्याला खांदा लावून भिंतीकडे तोंड करतात. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. झिम्मा-फुगडीत बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत नाहीत! डेन्मार्कमध्ये डग्लस विल्सन आणि मंडळींनी ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’ नावाचा खेळ केला, त्यात पडदाच नाही. प्रत्येकाच्या हातात प्ले-स्टेशनचा मूव्ह कंट्रोलर. आत ॲक्सेलरोमीटर आहे. कंट्रोलर जास्त हलला की तुम्ही बाद. म्हणून स्वतःचा हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्याचा हलवायचा, ढकला, हुलकावणी द्या, काहीही. मागे बाखचं संगीत. ते संथ असताना सेन्सर फार नाजूक असतो, जलद झालं की थोडी धावपळ चालते. सगळं लक्ष समोरच्या माणसाच्या खांद्यावर आणि डोळ्यांवर. एक पैचीही ग्राफिक्स नाही.

काठावरचा गडी

२००३ साली ब्रिग्नल आणि रॉजर्स या दोघांनी पार्ट्यांमध्ये एक मोठा पडदा लावून लोक त्याच्याजवळ कसे येतात ते पाहिलं. जिथे चार जण जमले तिथे आणखी येतात, याला त्यांनी मधाच्या पोळ्याची, म्हणजे मधाच्या भांड्याची उपमा दिली. पण लांबून बघणं, जवळ येऊन बघणं आणि प्रत्यक्ष हात लावणं या तीन टप्प्यांमध्ये उंबरठे असतात आणि ते ओलांडताना माणसाला अडवते ती चारचौघांत फजिती होण्याची भीती. गणपतीत देखाव्यासमोरच्या गर्दीकडे पाहिलं तर हे वेगळं शिकावं लागत नाही.

आमची फरशी साधी होती. १६ टाइल्स, प्रत्येकी दीड फूट. दोन फॉइलच्या मध्ये भोकं पाडलेला फोम, की झाला स्विच. खाली एलईडीची पट्टी, डायोड लावलेली मॅट्रिक्स आणि एक अर्डुइनो. कॉलेजजवळच्या एका शाळेतल्या तिसरीच्या मुलांसमोर ती मांडली. पहिला खेळ मुद्दाम अगदी सोपा ठेवला होता, जी टाइल पेटेल ती आधी दाबायची. पाच मिनिटांत दोन दांडगी पोरं मधोमध आणि बाकी सगळे कडेला. एक मुलगी कोपऱ्यातल्या टाइलवर एक पाय ठेवायची आणि कुणी धावत आलं की काढून घ्यायची. आमच्या लॅपटॉपवर मात्र दर मिनिटाला दाबल्या गेलेल्या टाइल्सचा आकडा भरघोस दिसत होता. आकड्यात ती मुलगी कुठेच नव्हती. खोली पाय मोजते, गडी नाही. ‘युजर एंगेजमेंट’ म्हणून असा आलेख रिपोर्टमध्ये लावला असता तर छान मार्क पडले असते!

दुसऱ्या खेळात चार टाइल्स एकाच रंगाने पेटायच्या आणि चारही एकदम, एक सेकंदभर दाबून धरल्या की सगळी फरशी उजळायची. त्या चारपैकी एक टाइल नेहमी कोपऱ्यातली. खेळाचा नूरच पालटला. मधली पोरं ओरडू लागली, "अगं तिथली दाब ना, तिथली!" कोपऱ्यातल्या मुलीला एकदम भाव आला. दहा मिनिटांनी तीच बोट दाखवून बाकीच्यांना जागा सांगत होती. कुणालाही आम्ही ‘सगळ्यांना खेळायला घ्या’ असं सांगितलं नव्हतं. तिच्याशिवाय दिवा लागत नव्हता एवढंच.

पण पोरं आपल्यापेक्षा हुशार. तिसऱ्या दिवशी एक जण चक्क फरशीवर आडवा झाला, हात एका टाइलवर आणि पाय दुसऱ्या कोपऱ्यावर! एका कडेच्या दोन कोपरा-टाइल्सच्या मध्यांतलं अंतर साडेचार फूट, आणि हात वर ताणून आठ-नऊ वर्षांचं पोर पाच फुटांपर्यंत सहज पोहोचतं. त्याने दोन गड्यांचं काम एकट्याने केलं आणि खोलीला पत्ताही लागला नाही. आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की कॅमेरा लावू, डोकी मोजू. मी विरोधात होतो. शाळेत लहान मुलांवर कॅमेरा रोखायचा म्हणजे पालकांची रीतसर संमती हवी, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्याविषयी कडक भूमिका घेतलेली आहे. शिवाय फॉइलच्या टाइलला कुणाचा चेहरा लक्षात राहत नाही, हा मला तिचा गुणच वाटतो. शेवटी फरशीचे चार तुकडे केले, चार-चार टाइल्सची चार बेटं, आणि मध्ये सहा-सहा फूट मोकळी जागा. आता कुणी कितीही ताणलं तरी दोन बेटं झाकता येत नाहीत. सतरंज्यांची अक्कल ती हीच. वर आणखी एक फायदा झाला. चार बेटांवरची चार मुलं आपोआप एकमेकांकडे तोंड करून उभी राहू लागली.

आडवं पडायची मजा मात्र मुलांना हवी होती. म्हणून एक खेळ असा ठेवला की त्यात बेटं जवळ ओढायची आणि दोघांनीच सगळं झाकायचं. वर्गशिक्षिकांना तो फारसा आवडला नाही. कपडे मळतात.

पाचव्या मुलाचं काय, हा प्रश्न राहतोच. बेटं चार, वर्गात मुलं तीस. बाकीची रांगेत. पण रांगेतली मुलं नुसती बघत नव्हती, ती ग्लोफ्लोमधल्या वाटाड्यांसारखी ओरडून रंग सांगत होती. पाळी बदलण्यासाठी आम्ही टायमर लावून पाहिला. मुलांनी तो दोन वेळा पाळला आणि मग आपली पद्धत सुरू केली, दिवा लागला की ज्याचा पाय शेवटी पडला तो बाहेर. हे खोलीला कळणं शक्य आहे, मॅट्रिक्समध्ये वेळ नोंदवलेलीच असते. पण वाद घालून ठरवण्यात त्यांना इतका रस होता की ते आम्ही प्रोग्राममध्ये घातलंच नाही.

एका गोष्टीसाठी मात्र हार्डवेअर बदललं. पहिलीतला एक धाकटा भाऊ रोज यायचा. त्याचं वजन कमी, फोम नीट दबायचा नाही आणि पाय टिकवून धरणंही जमायचं नाही. मुलांचा निकाल तयार होता, "तो लिंबूटिंबू!" म्हणजे त्याला खेळायला घ्यायचं, पण त्याच्यामुळे कुणी हरायचं नाही. आपण सगळे कधी ना कधी लिंबूटिंबू होतो, आणि ही सोय प्रत्येक गल्लीत आहे. पण मशीनमध्ये ती नसते. मशीनला गडी एक तर आत किंवा बाहेर. म्हणून त्या बेटाला आम्ही पातळ फोम लावला आणि चारही बेटांना एकेक टॉगल स्विच बसवला. तो दाबला की त्या बेटाला एक सेकंद सलग धरायची अट राहत नाही, तीन सेकंदांत कधीही एकदा पाय लागला की पुरे. स्विच कुणी, कुणासाठी आणि कधी दाबायचा याचा एकही नियम आम्ही केलेला नाही. तो मुलंच दाबतात. एकदा एका दांडग्या पोराने स्वतःसाठी दाबला, तर बाकीच्या तिघांनी खेळच थांबवला.

मार्गदर्शक सरांनी विचारलं, हे फीचर आहे की चीटिंग? रिपोर्टच्या चौथ्या प्रकरणात त्याचं नाव ‘वापरकर्त्याने बदलता येणारी वेळमर्यादा’ असं आहे. शाळेत मुलांनी त्या स्विचच्या शेजारी खडूने ‘लिं’ असं लिहून ठेवलंय.